तुमचे प्रश्न, लॅबमधून उत्तरं : सीएमव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, आता काय?

मागच्या अंकात टॉर्च टेस्टबद्दल, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पीस अशा गरोदरपणात बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या खुणा एकत्र बघणाऱ्या रक्ततपासणीबद्दल, ओझरतं लिहिलं होतं आणि त्यानंतर इतकी पत्रं आली की हा महिना अख्खा सीएमव्हीलाच द्यायचं ठरवलं. मी मायक्रोबायोलॉजीची डॉक्टर, म्हणजे पेशंटला तपासणारी नाही तर तुमच्या हातातून काढलेलं रक्त ज्या खोलीत जातं तिथे बसणारी, त्यामुळे औषध कुठलं घ्यायचं हे तुमचे डॉक्टर सांगतील, मी सांगणार ते त्या कागदावरच्या आकड्याचा अर्थ काय लावायचा आणि काय लावायचा नाही.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, कांजिण्यांचा विषाणू ज्या हर्पीस घराण्यातला त्याच घराण्यातला. पेशी फुगवून मोठी करतो म्हणून हे नाव, १८८१ मध्ये जर्मनीत एका मृत जन्मलेल्या बाळाच्या किडनीत या फुगलेल्या पेशी पहिल्यांदा दिसल्या पण त्या कशामुळे ते कळलं नाही, विषाणू प्रत्यक्ष वेगळा काढता आला तो १९५६ च्या सुमारास. लाळ, लघवी, अंगावरचं दूध, रक्त, शरीरसंबंध अशा सगळ्या वाटांनी तो पसरतो, एकदा शिरला की आयुष्यभर गपचूप पडून राहतो, आणि आपल्याकडे मोठ्या माणसांतल्या बहुतेकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, दहातल्या नऊ जणांना म्हटलं तरी चालेल. हे एवढं डोक्यात ठेवून पुढची पत्रं वाचा.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी २७ वर्षांची आहे, पहिलंच बाळ, दहावा आठवडा चालू आहे. मला काहीच त्रास नव्हता, तरी तपासण्यांच्या पॅकेजमध्ये टॉर्च केली. सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम पण पॉझिटिव्ह, १.२ आलंय, १ च्या वर पॉझिटिव्ह असं खाली लिहिलंय. एका नातेवाईकांनी सांगितलं की बाळ अपंग होईल, वेळेत मोकळी हो. चार रात्री झोप नाही. काय करू? (कराड)

उत्तर : सगळ्यात आधी, ताई, या एका कागदावरून कोणताही निर्णय घेऊ नका, आणि गर्भपाताचा तर अजिबात नाही. हे मी तुम्हाला धीर द्यायला नुसतं म्हणत नाहीये, कारण सांगते.

आयजीजी आणि आयजीएम या दोन्ही तुमच्या शरीरानेच तयार केलेल्या अँटिबॉडी आहेत, टेस्ट विषाणू शोधत नाही, त्याच्या विरुद्ध शरीराने काय केलं त्याची खूण शोधते. आयजीएम आधी येते, आयजीजी काही आठवड्यांत येते आणि मग जन्मभर राहते. पुस्तकात असं असतं की आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग आणि आयजीजी म्हणजे जुना. पण सीएमव्हीची आयजीएम इतकी सरळ वागत नाही, ती काहींच्यात सहा-आठ महिने, कधी वर्षभरसुद्धा रेंगाळते, जुना विषाणू थोडा जागा झाला तरी ती पुन्हा वर येते, दुसऱ्याच विषाणूच्या तापात ती खोटीच पॉझिटिव्ह दिसू शकते, आणि १.२ सारखा काठावरचा आकडा तर दुसऱ्या किटवर निगेटिव्हही येऊ शकतो.

आता एक साधा हिशोब करून बघा, आकडे समजण्यासाठी घेतलेत. समजा तुमच्यासारख्या एक हजार गर्भवती बायकांची टेस्ट केली. त्यातल्या ९५० जणींना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलाय. उरल्या ५०, त्यातल्या एखाद-दुसरीला गरोदरपणात पहिल्यांदा होईल. आणि समजा शंभरात दोघींची आयजीएम उगाच किंवा जुनीच पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे हजारात २०. मग पॉझिटिव्ह आलेल्या एकवीस-बावीस जणींत खरोखर ताजा संसर्ग असलेली एक किंवा दोन. टेस्ट वाईट नाही, ती ज्यांना गरज नाही अशा सगळ्यांवर वापरली की असं होतं. म्हणून कुठलाच त्रास नसताना, सोनोग्राफीत काही दिसलेलं नसताना सगळ्या गर्भवतींची टॉर्च करायची हे मला पटत नाही, आणि हे मी लॅबमध्ये बसून म्हणतेय.

मग पुढे काय? तुमच्या रक्ताची आयजीजी अ‍ॅव्हिडिटी ही टेस्ट करून घ्या, आणि लवकर, या आठवड्यात. अ‍ॅव्हिडिटी म्हणजे पकड. भिंतीला नुकताच दिलेला रंग बोट लावलं की निघतो आणि वाळलेला निघत नाही ना, तसं आहे हे, नवीन संसर्गातली आयजीजी विषाणूला ढिली धरते, महिने जातील तशी तिची पकड घट्ट होत जाते. लॅबमध्ये आम्ही तेच रक्त दोनदा लावतो, एकदा साधं आणि एकदा युरियासारख्या पकड सोडवणाऱ्या द्रावणाने धुऊन, आणि धुतल्यावर किती टिकलं ते टक्क्यांत देतो. पकड घट्ट असेल तर संसर्ग साधारण तीन महिन्यांपेक्षा जुना. तुमचा दहावा आठवडा आहे, म्हणजे हाय अ‍ॅव्हिडिटी आली तर पहिला संसर्ग दिवस राहण्याच्या आधीचा असं जवळजवळ नक्की सांगता येतं. म्हणूनच लवकर म्हणतेय, हीच टेस्ट चोविसाव्या आठवड्यात केली आणि हाय आली तर त्यावरून पाचव्या आठवड्यात काय झालं होतं ते कळत नाही, कारण तोपर्यंत ताजी पकडही घट्ट झालेली असते. कितीच्या वर हाय ते किटप्रमाणे बदलतं, मधला पट्टाही असतो, तेव्हा फक्त आकडा नाही तर त्या लॅबचा शेरा बघा.

अजून एक काम करा, जिथे पहिलं रक्त दिलं त्या लॅबला आजच फोन करून विचारा की माझं सँपल शिल्लक आहे का, आणि असेल तर टाकू नका म्हणून सांगा. दोन-तीन आठवड्यांनी घेतलेलं दुसरं रक्त आणि हे पहिलं रक्त एकाच वेळी, एकाच मशीनवर शेजारी शेजारी लावलं तर आयजीजी चढतेय की आहे तिथेच आहे ते नीट दिसतं. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी लावू नका, एकीकडचे ९० आणि दुसरीकडचे १८० यांची तुलनाच होत नाही.

आणि समजा पकड ढिली आली, लो आली, तरीसुद्धा घाई नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला तर तो बाळापर्यंत पोचायची शक्यता साधारण तीनात एक, म्हणजे बहुतेक बाळांपर्यंत पोचतच नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचतो त्यातल्याही बहुतेकांना पुढे त्रास होत नाही. पहिल्या तीन महिन्यांतला संसर्ग जास्त काळजीचा, हे खरं आहे आणि ते लपवणार नाही. तेव्हा फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तब्येतीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायचं, ते सोनोग्राफीने लक्ष ठेवतील, विसाव्या आठवड्याच्या आसपास आणि संसर्गाला निदान सहा ते आठ आठवडे झाल्यावर गर्भजल काढून त्यात विषाणू आहे का ते पीसीआरने बघता येतं. इस्रायलमधला एक अभ्यास २०२० मध्ये छापून आला, त्यात अगदी सुरुवातीच्या दिवसांत संसर्ग झालेल्या गर्भवतींना व्हॅलासायक्लोव्हिर रोज ८ ग्रॅम दिलं तर बाळापर्यंत विषाणू पोचायचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. हा डोस खूप मोठा आहे, किडनीवर लक्ष ठेवूनच देतात, तेव्हा कोणी ग्रुपवर नाव टाकलं म्हणून मेडिकलमधून आणू नका. पण मार्ग आहेत, एवढं त्या नातेवाईकांना सांगा.

प्रश्न : डॉक्टर ताई, सुनेचे दोन वेळा दिवस गेले पण टिकले नाहीत. दोन्ही वेळा टॉर्च केली, सीएमव्ही आयजीजी १४० आलं, औषधं झाली, तीन महिन्यांनी पुन्हा केली तर १५५. आता परत औषध सुरू करायचं म्हणतायत आणि आकडा खाली येईपर्यंत चान्स घेऊ नका म्हणून सांगितलंय. वर्ष चाललंय यातच. (लातूर जिल्हा)

उत्तर : काकू, तुमच्या पत्राने मला फार वाईट वाटलं, कारण असे कागद घेऊन आलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्यात, एकीच्या फाइलमध्ये तर पाच टॉर्च होत्या, दर वेळी तोच आकडा थोडा इकडे थोडा तिकडे.

आयजीजी खाली येणार नाही. तो आजार नाही, आजार होऊन गेल्याची आणि शरीराने तो ओळखून ठेवल्याची खूण आहे. कांजिण्या होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात कांजिण्यांची आयजीजी असतेच ना, ती घालवायला आपण औषध देतो का? तसंच हे. १४० चं १५५ होणं म्हणजे वाढ नाही, तेच रक्त आज दुपारी पुन्हा लावलं तरी इतका फरक पडू शकतो. तुमचीच टेस्ट केली तर तुमचीही पॉझिटिव्ह यायची दाट शक्यता आहे, माझी आहे.

आणि मुख्य म्हणजे वारंवार गर्भपात होण्याचं कारण सीएमव्ही नाही, म्हणून वारंवार गर्भपातासाठी टॉर्च करू नये असंच आता मानतात. सुनेला दुसऱ्या चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि खरोखर बघायच्या गोष्टी बघा, थायरॉइड, साखर, रक्ताच्या गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, गर्भाशयाची ठेवण, आणि गरज वाटली तर नवराबायको दोघांचे क्रोमोसोम. दोघांचे म्हटलंय मी. यातल्या काही गोष्टींवर उपचार आहे, आणि ते वर्ष आकडा उतरायची वाट बघण्यात गेलं हेच मला टोचतंय. तिला सांगा की तिच्या रक्तात काही दोष नाही, तिला हे कोणीतरी घरातल्या मोठ्या माणसाने सांगायची गरज आहे.

प्रश्न : मॅडम, माझं बाळ १२ दिवसांचं आहे. जन्मानंतर कानाची टेस्ट केली ती दोन्ही बाजूंनी रेफर आली, म्हणजे पास नाही, पुढे तपासा. मग बाळाच्या रक्ताची सीएमव्ही केली, आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. एक जण म्हणतात संसर्ग आहे, एक म्हणतात नाही. (नाशिक)

उत्तर : या पत्राला मी अंकाची वाट न बघता त्याच दिवशी कळवलं होतं, कारण इथे दिवस मोजायचे असतात. बाकीच्या आईवडिलांना उपयोग होईल म्हणून त्यांना विचारून इथे देतेय.

बाळाच्या रक्तातली आयजीजी ही आईची असते, नाळेतून आलेली. म्हणजे त्या पॉझिटिव्हवरून फक्त एवढंच कळलं की आईला कधीतरी सीएमव्ही होऊन गेलाय. आयजीएम नाळेतून जात नाही, ती बाळात सापडली तर ती बाळाची स्वतःची, पण संसर्ग असलेल्या बऱ्याच बाळांत ती सापडतच नाही, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही. थोडक्यात दोघेही जण ज्या कागदावर वाद घालत होते त्या कागदात उत्तरच नव्हतं.

नवजात बाळात विषाणू शोधायचा असतो, अँटिबॉडी नाही. बाळाची लघवी किंवा लाळ घेऊन पीसीआर करायची, आणि ती जन्मापासून २१ दिवसांच्या आत. त्यानंतर पॉझिटिव्ह आली तर तो पोटात असताना झालेला की बाहेर आल्यावर अंगावरच्या दुधातून वगैरे आलेला हे सांगता येत नाही, आणि दुधातून आलेल्याने पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाला सहसा काही होत नाही, म्हणून दूध बंद करू नका. लाळ घेतली तर दूध पाजल्यानंतर निदान तासाभराने घ्या, नाहीतर दुधातला विषाणू सापडेल, आणि लाळ पॉझिटिव्ह आली तर लघवीने पक्कं करा. २१ दिवस उलटून गेले असतील तर जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताचं कार्ड कुठे जपून ठेवलंय का ते विचारा, त्यावर पीसीआर होते, फक्त त्यात निगेटिव्ह आलं म्हणजे नाहीच असं होत नाही.

पीसीआर पॉझिटिव्ह आली आणि बाळाला लक्षणं असली तर व्हॅलगॅनसायक्लोव्हिरचं पातळ औषध सहा महिने देतात, शक्यतो पहिल्या महिन्याच्या आत सुरू करून, आणि पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून पुन्हा पुन्हा रक्त तपासत. नुसती कानाचीच तक्रार असेल तर द्यायचं की नाही हे बाळाचे डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतील. बेरा ही कानाची पुढची टेस्ट मात्र लगेच करा. आणि हे सगळ्यांसाठी, सीएमव्ही असलेल्या बाळाला जन्मतः नीट ऐकू आलं तरी ते पुढे दोन-चार वर्षांत कमी होऊ शकतं, म्हणून शाळेत जाईपर्यंत कान तपासत राहायचे.

कोणी विचारेल की मग आई आधीच पॉझिटिव्ह असताना बाळाला झालाच कसा. होतो, कमी होतो पण होतो, जुना विषाणू जागा होऊन किंवा त्याचाच दुसरा प्रकार नव्याने लागून. अशा आईकडून बाळाला जायची शक्यता शंभरात एखादी, पण आपल्याकडे बहुतेक आयाच आधीपासून पॉझिटिव्ह असल्यामुळे इथली बहुतेक अशी बाळं त्यांच्याच पोटी येतात, आणि आईच्या रक्ताची कुठलीही अँटिबॉडी टेस्ट हे आधी सांगू शकत नाही. म्हणून माझा जीव आईच्या टॉर्चपेक्षा बाळाच्या कानाच्या टेस्टमध्ये जास्त आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात २०२३ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाची सीएमव्ही तपासणी होते, आपल्याकडे निदान कानाच्या टेस्टमध्ये रेफर आलेल्या प्रत्येक बाळाची लघवी २१ दिवसांच्या आत जावी, एवढं झालं तरी किती मुलांची वर्षं वाचतील.

प्रश्न : मी ३४ चा, पुण्यात आयटीत आहे. तीन आठवडे बारीक ताप, प्रचंड थकवा. डेंगी, टायफॉइड, मलेरिया निगेटिव्ह. लिव्हरचे आकडे दुप्पट-तिप्पट. शेवटी सीएमव्ही आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह आली. अँटिव्हायरल घेऊ का? बायको सात आठवड्यांची गरोदर आहे.

उत्तर : तुमच्या केसमध्ये ही टेस्ट योग्य माणसावर झालीय, लक्षणं आहेत, बाकीचं बघून झालंय. असा लांबलेला ताप, थकवा, लिव्हर थोडं बिघडलेलं, रक्तात वेगळ्या दिसणाऱ्या लिंफोसाइट पेशी, हे सीएमव्हीचं मोठ्या माणसातलं नेहमीचं चित्र. तरी एपस्टीन-बार विषाणूचं चित्र हुबेहूब असंच असतं आणि त्यात सीएमव्हीची आयजीएम खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा ती टेस्ट आणि एचआयव्ही करून घ्या. मग दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये आयजीजी परत करा, निगेटिव्हची पॉझिटिव्ह झाली की विषय संपला, तोच खरा पुरावा, नुसती आयजीएम नव्हे. प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या माणसाला औषध लागत नाही, आराम करा, लिव्हर आपोआप ताळ्यावर येतं.

पण पत्राची शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. बायकोची आयजीजी आणि आयजीएम आत्ताच करा. वर मी म्हटलं की सगळ्या गर्भवतींची करू नये, पण त्यांच्या घरातच ताजा संसर्ग दिसतोय, त्यांच्यासाठी ही टेस्ट आहे. आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर अ‍ॅव्हिडिटी करून ती जुनी आहे ना ते बघा. निगेटिव्ह असेल तर जपायचं, कंडोम वापरा, तोंडाचे मुके नकोत, एका ताटात जेवण आणि एकच पेला नको, आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगून तीन-चार आठवड्यांनी टेस्ट परत करा.

प्रश्न : मोठा भाऊ मला किडनी देतोय. दोघांचीही सीएमव्ही करायला सांगितली. त्याची आयजीजी पॉझिटिव्ह, माझी निगेटिव्ह. म्हणजे तो देऊ शकत नाही का? (कोल्हापूर)

उत्तर : देऊ शकतो, निर्धास्त राहा. इथे आयजीजी आजार शोधायला केलेलीच नाही, पुढची तयारी करायला केलीय. भावाच्या किडनीबरोबर झोपलेला विषाणू तुमच्याकडे येणार आणि तुमच्या शरीराने तो कधी पाहिलेला नाही, शिवाय प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, म्हणून ही जोडी सगळ्यात जास्त जपायची समजतात आणि ऑपरेशननंतर साधारण सहा महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर देतात. ते महाग आहे, पण मध्ये सोडू नका. आणि नंतर ताप आला, जुलाब लागले, पेशी उतरल्या तर अँटिबॉडी टेस्ट करून समाधान मानू नका, दाबलेल्या शरीरात अँटिबॉडी वेळेवर बनतच नाहीत, तेव्हा रक्तातला विषाणू मोजणारी पीसीआरच करायची, आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे, लग्नाला वर्ष झालं, आता बाळाचा विचार आहे. रोज पंचवीस-तीस लहान मुलं असतात. मी टेस्ट करू का आणि काम सोडू का? (पालघर जिल्हा)

उत्तर : काम सोडायची काहीच गरज नाही. लहान मुलं लाळेतून आणि लघवीतून हा विषाणू महिनोन्‌महिने सोडत असतात आणि वरून अगदी ठणठणीत दिसतात, त्यामुळे कोणाला आहे ते ओळखत बसता येत नाही, प्रत्येकाच्या बाबतीत हात धुणं हेच. शेंबूड, लाळ पुसली, चड्डी बदलली की साबणाने वीस सेकंद हात धुवा, मुलाच्या उष्ट्या चमच्याने चव बघू नका, त्याच्या तोंडातून पडलेला घास आपल्या तोंडात नको, खेळणी धुवा. मुका घ्यायचा तर ओठांवर नको, कपाळावर घ्या. लस अजून नाही.

टेस्टचं म्हणाल तर दिवस राहायच्या आधी फक्त आयजीजी, एकदाच, करून घ्यायला माझी हरकत नाही, अख्खी टॉर्च नको. पॉझिटिव्ह असेल, आणि बहुधा असेलच, तर तो कागद लॅमिनेट वगैरे काही नको पण फाइलमध्ये तारखेसकट जपून ठेवा. उद्या दहाव्या आठवड्यात कोणी पॅकेजमध्ये टॉर्च केली आणि आयजीएम १.२ आली तर तुम्ही तो जुना कागद पुढे ठेवाल, आणि पहिला संसर्ग आधीच होऊन गेलाय हे त्याच मिनिटाला कळेल.